दुसऱ्या रविवारची पलटण



आज मला साठीनंतरच्या भटकंतीबद्दल बोलायचं आहे. हिमालयातला ट्रेक किंवा युरोपची टूर नव्हे. मेट्रोचं कार्ड, पाण्याची बाटली, डबा आणि भरवशाचे मित्र एवढ्यावर भागणारी भटकंती.

आम्ही पाच जण. सगळे दिल्लीतल्या मयूर विहारचे, सगळे मराठी, सगळे निवृत्त. एक बँकेतले, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. एक रेल्वेतले, एक गणिताचे मास्तर, एक सरकारी कचेरीतले, आणि पाचवा मी, फौजी. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही मयूर विहार फेज १ च्या मेट्रो स्टेशनखाली जमतो आणि कुठेतरी जातो. सात वर्षं झाली. करोनातले महिने आणि विषारी धुक्याचे काही रविवार सोडले, तर खाडा नाही.

लोक विचारतात, हे जमतं कसं? आमचे ग्रुप तर दोन सहलींत मोडतात!

माझं निरीक्षण असं की मित्रांच्या सहली पैशांमुळे मोडत नाहीत आणि गुडघ्यांमुळेही मोडत नाहीत. त्या मोडतात ‘एकदा जाऊ या’ या वाक्यामुळे. या वाक्यात दिवस नसतो आणि कामही नसतं. दिवस आम्ही ठरवून टाकला. त्यामुळे ‘येणार का?’ असा फोन आमच्यात कुणी करत नाही. न येणाऱ्यानेच कळवायचं. राहिलं काम. त्याचीच गोष्ट सांगतो.

सुरुवातीला आम्ही नुसतेच जायचो. छोले-कुलचे खायचे, फोटो काढायचे, परत यायचं. पाच-सहा महिन्यांत कंटाळा आला. सगळ्यांचे किस्से सगळ्यांना पाठ झाले. मग मास्तर म्हणाले, “दर वेळी एक प्रश्न घेऊन निघू या. उत्तर शोधायचं आणि जेवायच्या आत सापडलंच पाहिजे.”

पहिला प्रश्न घराशेजारीच मिळाला. मयूर विहारला लागून पटपडगंज आहे. आज तिथे सोसायट्या, दवाखाने, शिकवण्या. पण इतिहासात या नावाची एक लढाई आहे. ११ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंद्यांची कवायती फौज, तिचा सेनापती लुई बुर्क्वाँ नावाचा फ्रेंच. दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा जनरल लेक. ती लढाई यमुनेच्या याच काठावर, आपल्या भागात झाली. प्रश्न साधा होता: तिची काही खूण उरली आहे का?

आहे. नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये स्मारकाचा खांब आहे. आमच्या स्टेशनपासून मेट्रोने सातवं स्टेशन, नावच ‘गोल्फ कोर्स’. आत जायला आधी परवानगी घेतली. हिरव्यागार गवतात तो खांब उभा, आणि आजूबाजूला मंडळी शांतपणे चेंडू मारताहेत. रेल्वेवाले म्हणाले, “तोफगोळे थांबले, पण या जागेवरून अजून काही ना काही उडतंच आहे.”

तिथे मी मित्रांना ती लढाई समजावून सांगितली. शिंद्यांच्या तोफा आडोशामागे पक्क्या बसलेल्या. लेकचं घोडदळ पुढे आलं आणि त्या माऱ्यात होरपळलं. लेकचा स्वतःचा घोडाही ठार झाला. पायदळ पोचल्यावर लेकने घोडदळाला मागे यायला सांगितलं. शिंद्यांच्या सैनिकांना वाटलं, गोरे पळाले. ते मोर्चे सोडून पुढे धावले. तेवढ्यात घोडदळ मधून फाकलं आणि त्या वाटेने इंग्रजांचं पायदळ संगिनी घेऊन पुढे आलं. चांगली जागा हातात असताना ती उतावीळपणे सोडली की काय होतं, याचा हा धडा. पुढच्या काही दिवसांतच बुर्क्वाँ शरण गेला, लेक दिल्लीत शिरला आणि वृद्ध, अंध बादशाह शाह आलम इंग्रजांच्या छत्राखाली गेला. महादजींनी दिल्लीत बसवलेली घडी एका दिवसात विस्कटली. आणि ती जिथे विस्कटली, तिथून आम्ही रोज भाजी आणतो!

तेव्हापासून दर रविवारी एक प्रश्न. बाजीराव १७३७ साली दिल्लीवर आले तेव्हा झटापट कुठे झाली? त्यासाठी तालकटोरा. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० ला, संक्रांतीच्या दिवशी पडले, तो बुराडीचा काठ कसा आहे? तिथे आम्ही यमुनेकडे बघत तिळगूळ वाटला. मरणाच्या दारातलं दत्ताजींचं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी ते कुणीच मोठ्याने म्हटलं नाही.

आणि अर्थात पानिपत. दिल्लीहून नव्वदेक किलोमीटर. काला अंब इथल्या स्मारकापाशी आम्हाला एक म्हातारे गृहस्थ भेटले. पागोटं, हातात काठी, बोली ठेठ हरियाणवी. आम्ही मराठी बोलतोय हे ऐकून जवळ आले आणि म्हणाले, “हम भी मराठे हैं.” ते रोड मराठा समाजातले. पानिपत-कर्नालच्या भागातला हा समाज स्वतःला १७६१ नंतर इथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतो. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी अण्णांचा हात धरला तो सोडेचनात.

परतीच्या गाडीत अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “भाषा गेली, तरी नातं धरून बसलाय तो माणूस. माझ्या घरात मात्र भाषा माझ्यानंतर संपणार.”

अण्णांचं थोडं सांगायला हवं. त्यांची परवानगी घेतली आहे. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. घरात मुलगा, पंजाबी सून, दोन नातवंडं. सगळी मायेची माणसं आहेत, पण घरची बोली हिंदी. वहिनी गेल्या आणि घरात मराठी ऐकणारा कान राहिला नाही. अण्णा चार महिने आले नाहीत. आम्ही घरी जायचो, चहा घ्यायचो, ‘काळजी घ्या’ म्हणायचो. उपयोग शून्य.

शेवटी मास्तरांनी त्यांना काम दिलं. म्हणाले, “अण्णा, पानिपतचा रविवार तुमचा. वाचायचं तुम्ही, सांगायचं तुम्ही.” अण्णांनी वही केली. पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवनात जाऊन लोकांना भेटले, पुस्तकं मिळवली. त्या दिवशी काला अंबजवळ ते तासभर बोलले. महिनोन्‌महिने साठलेलं मराठी होतं ते. आम्ही चौघे फक्त ऐकत होतो.

दुःखी मित्राला सहानुभूती तर द्यावीच, पण तेवढ्याने तो घराबाहेर पडत नाही. त्याच्यावाचून आपलं अडतंय, हे कळलं की तो चपला घालतो.

आता आमचे काही नियम. फौजेत लांबच्या चालीवर तुकडीचा वेग सगळ्यात हळू चालणारा ठरवतो. आमच्याकडे तो मान कचेरीवाल्यांच्या गुडघ्याकडे आहे. गुडघा फारच कुरकुरला तर लांब जायचं नाही. पिंक लाइनवर दोन स्टेशनं पुढे गेलं की संजय लेक. हिवाळ्यात ओखला पक्षी अभयारण्य, तिथे तर बाकावर बसूनही दुर्बिणीतून थापट्या बदकं आणि वारकरी पक्षी दिसतात. दुसरा नियम, कुणी थकलं तर मागे फिरायचं आणि त्यावर टोमणा मारायचा नाही. तिसरा, गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत मराठीच.

तुम्ही हे कुठून बघताय मला माहीत नाही. इंदूर असेल, बडोदा असेल, बंगळूरही असेल. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा लांबलचक मराठी शिलालेख आहे, आणि तो कोरला गेला त्याच १८०३ साली, ज्या साली इथे आपण दिल्ली गमावली. तुमच्या घराजवळही असा एखादा प्रश्न नक्की पडून असेल. किल्लाच हवा असं नाही. जुनी विहीर चालेल, एखाद्या पेठेचं नाव चालेल.

मात्र प्रश्न एकट्याने सोडवू नका. जो मित्र हल्ली फोन उचलत नाही, त्याच्याकडे तो सोपवा. आणि पुढचा दुसरा रविवार कोणत्या तारखेला येतो, ते आत्ताच कॅलेंडरवर बघून ठेवा.

जय हिंद.