स्टॉक कुणाच्या दारात?

जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड, पुणे, नाशिकहून आलेल्या वाहनविक्रेत्या बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीनं तुमचं अहिल्यानगरात मनापासून स्वागत. गाड्यांच्या धंद्यातल्या माणसांनी जमावं असंच हे गाव आहे. फिरोदियांची लूना मोपेड इथल्या कारखान्यात घडली. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था इथल्याच वाहननगरात. रणगाड्यांचं संग्रहालय उद्या सकाळी पाहुण्यांना दाखवणार आहोत. ॲव्हरेज न विचारता घेतलेली वाहनं पाहायची असतील, तर तिथंच मिळतील.

आपलं गिऱ्हाईक मात्र खुर्चीत टेकायच्या आधी तेच विचारतं. पाथर्डीचा शेतकरी असो, नाहीतर शिर्डीचे भाविक नेणारा टुरिस्टवाला. म्हणून गाड्यांच्या इंधनवापरावर मर्यादा घालणाऱ्या कायद्याला आपण सरसकट विरोध करावा, हे मला पटत नाही. अमेरिकेत १९७३ च्या तेलबंदीनंतर १९७५ साली असा कायदा आला. २०१२ मध्ये ओबामा सरकारनं निकष कडक केले, तेव्हा तिथल्या विक्रेत्यांच्या संघटनेनं गाड्या महागतील म्हणून विरोध केला. २०२५ मध्ये तर तिथं या नियमाचा दंडच शून्यावर आणला. तेल बाहेरून विकत आणणाऱ्या आपल्या देशाला ही चैन परवडायची नाही.

आपल्याकडचा ‘कॅफे’ नियम २०१७ पासून लागू आहे. एकेक गाडी नव्हे, कंपनीनं वर्षभरात बाजारात आणलेल्या सगळ्या प्रवासी गाड्यांची सरासरी तो मोजतो. आधी मर्यादा किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची होती, २०२२ पासून ती ११३ वर आली. पेट्रोलच्या भाषेत लिटरला साधारण २१ किलोमीटर. चुकलं तर गाडीमागे २५ हजार किंवा ५० हजार रुपये दंड, अशी दुरुस्ती कायद्यात २०२२ मध्ये झाली.

एप्रिल २०२७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्याचा मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये आला आणि भांडण पेटलं. वजन ९०९ किलोपर्यंत, इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरच्या आत असेल, तर त्या छोट्या गाडीला तीन ग्रॅमची सूट द्यावी, असं त्यात होतं. मारुतीला ते हवं. टाटा, महिंद्राला नको. वजनावर सवलत दिली तर सुरक्षितता मागे पडेल, असं विरोधक म्हणतात. या सभागृहात दोन्हीकडची मंडळी शेजारी-शेजारी बसली आहेत. चहापर्यंत तरी शांतता ठेवावी, ही विनंती!

पण हे भांडण कंपन्यांचं आहे. आपलं दुखणं निराळं. जी गाडी सरासरी खाली आणते ती कंपनीला खपवायचीच असते, मग ती गावात विकली जावो वा न जावो. ती येऊन उभी राहते आपल्या यार्डात आणि बँकेचं व्याज भरतो आपण. नियम बदलला की असंच होतं. मार्च २०१७ आठवा. बीएस-३ या जुन्या प्रदूषण-निकषाच्या गाड्यांवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २९ तारखेला आला आणि १ एप्रिलपासून विक्री बंद. दोन दिवसांत सवलतीच्या पाट्या लावून दुचाक्या अक्षरशः उधळल्या. २०२० मध्ये बीएस-४ ची मुदत संपायला आठवडा होता आणि टाळेबंदी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी घटला, गिऱ्हाईक खूश झालं, पण भरपाई उपकराची शिल्लक विक्रेत्यांच्या खात्यात अडकली. तिन्ही वेळा नियम चांगल्या हेतूनं बदलला आणि फटका आपल्याला बसला.

त्यात आपला जिल्हा उसाचा. इथेनॉलचा पैसा कारखान्यामार्फत घरात येतो आणि वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं ॲव्हरेज पडलं म्हणून तोच ऊसवाला आपल्या सर्व्हिस सेंटरात येऊन भांडतो. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच साधारण एक तृतीयांश कमी. मेकॅनिक काय करणार? मसुद्यात इथेनॉलवरच्या गाड्यांना कार्बनच्या हिशेबात सवलत आहे. गिऱ्हाईक आपला हिशेब पंपावर करतं.

तेव्हा मागायचं ते नेमकं मागू या. नियम बदलताना आधीच्या निकषाच्या गाड्या विकायला पुरेशी मुदत हवी आणि उरलेल्या गाड्या कंपनीनं परत घेण्याचं बंधन हवं. शिवाय एसी-फ्रिजवर तारे लावणारी ऊर्जा दक्षता ब्युरोच ‘कॅफे’ नियमही बघते, तर गाडीच्या काचेवरही इंधनाचे तारे सक्तीनं लावावेत. मग सेल्समननं फुगवून सांगितलेल्या आकड्यावर कुणाला विसंबावं लागणार नाही. हो, आपले सेल्समन फुगवून सांगतात, हे आपल्यात तरी कबूल करू या.

ठरावाचं वाचन जेवणाआधीच्या सत्रात आहे. २०१७ आणि २०२० च्या उरलेल्या गाड्यांचे कागद ज्यांच्याकडे असतील त्यांनी नोंदणीच्या टेबलावर प्रती द्याव्यात. दिल्लीला जाणाऱ्या निवेदनाला त्या जोडायच्या आहेत. व्यवस्थेत काही उणं राहिलं तर थेट मला सांगा. आता अध्यक्षांना विनंती करतो, त्यांनी सूत्रं हाती घ्यावीत.