आठ काय?



सकाळपासून चौघींनी विचारलं, "तू नक्की करतेस काय गं?" मी लिनक्सच्या कर्नलवर काम करते. त्याबद्दल थोडं सांगते, आणि त्यात मी केलेल्या एका चुकीबद्दलही.

आपण वापरतो ते प्रोग्रॅम संगणकाच्या ज्या भागात चालतात, त्याला युजर स्पेस म्हणतात. त्याखाली कर्नल असतो. कुणाला किती मेमरी द्यायची, प्रोसेसरवर कुणाची पाळी, हे तो ठरवतो. एखादा प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटा बंद पडतो. कर्नल बिघडला तर अख्खं यंत्र थांबतं.

सी भाषेत कोडच्या सुरुवातीला हेडर फाइल जोडतात. कोणत्या नावाचा अर्थ काय, त्याला जागा किती, याची ती यादी. नियम असा, की युजर स्पेसची हेडर फाइल कर्नलच्या कोडमध्ये आणायची नाही. कॉलेजात पहिल्या दिवशी शिकलेलं 'प्रिंटएफ'सुद्धा तिथे चालत नाही. ते ज्या लायब्ररीत आहे, ती स्वतःच कर्नलच्या आधारावर उभी असते. पायानं गच्चीचा आधार कसा घ्यायचा? म्हणून कर्नलचं स्वतःचं 'प्रिंटके' आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ड्रायव्हरसाठी मला ओळखीची एक हेडर फाइल हवी होती. कर्नल बिल्ड करताना बाहेरच्या फाइली सापडूच नयेत अशी सोय मुद्दाम केलेली असते. पण मुदत जवळ आली होती. मी फाइलचा पत्ता हातानं घातला, आलेल्या तक्रारी एकेक करून मिटवल्या आणि कोड कंपाइल झाला.

त्या फाइलीत 'सिगसेट_टी' नावाचा प्रकार होता. आमच्या ६४ बिटच्या यंत्रावर तो कर्नलच्या हिशेबानं ८ बाइटचा, लायब्ररीच्या हिशेबानं १२८ बाइटचा. नाव तेच! माझ्या कोडनं ८ बाइटच्या जागेवर १२८ बाइट शून्यं लिहिली आणि शेजारची माहिती पुसून टाकली. यंत्र कधीही, कुठेही अडकायचं. संशय आला एका सहकाऱ्याच्या कोडवर, कारण पुसली जात होती ती त्याची माहिती. दोन रात्री तो ऑफिसात बसून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मला माझी चूक दिसली. तरी मी दुपारपर्यंत गप्प बसले. शेवटी सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आधी विचारलं असतंस, तर काल मुलीच्या वाढदिवसाला घरी असतो."

आपले गणिताचे सर उत्तर बरोबर असलं तरी एकक नसेल तर अर्धा गुण कापायचे, आठवतंय? "आठ काय? आंबे की मैल?" तेव्हा मला फार राग यायचा.

दोन्हीकडे लागणाऱ्या व्याख्या असतातच. २०१२ साली लिनक्स ३.७ मध्ये त्या 'यूएपीआय' नावाच्या वेगळ्या फोल्डरात काढल्या. सामायिक काय आणि घरातलं काय, हे आता स्पष्ट दिसतं. नव्या मुलांना मी ते फोल्डर दाखवते आणि माझी चूकही सांगते. अडलं तर त्याच दिवशी विचारा, हेही सांगते.

सर, आपण इथे समोर बसला आहात. ते अर्धे गुण आपण योग्यच कापलेत.