आपले पान, आपली किल्ली

(नांदूरघाट, ता. केज येथील युवा मेळाव्यात महाविद्यालयात शिकणाऱ्या व नुकत्याच कामाला लागलेल्या मुलामुलींसमोर केलेले भाषण.)



मला पत्रात विषय कळवला होता ‘संगणक युगातील संधी’. एवढ्या मोठ्या विषयावर तासभर बोलले तरी कुणाच्या पदरात काही पडत नाही. म्हणून आज एकच गोष्ट सांगतो. स्वतःच्या नावाची एक छोटी वेबसाइट स्वतःच्या हाताने कशी उभी करायची आणि त्यासाठी कोणते साधन घ्यायचे, एवढेच.

तुम्ही म्हणाल, सर, व्हॉट्सअॅप आहे, इन्स्टाग्राम आहे, मग वेबसाइट कशाला? कारण तिथे टाकलेली गोष्ट चार दिवसांत खाली जाते. नोकरीच्या अर्जावर लिहायला, दुकानाच्या पाटीवर रंगवायला एक कायमचा पत्ता लागतो. मोटार दुरुस्त करणारा, शिलाई करणारी, नर्सिंग झालेली, गोधड्या शिवणारी, कुणीही असो, ‘माझे काम इथे पाहा’ असे म्हणता आले पाहिजे.

दुसरे कारण जरा जुने आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो वाढवत नेला. आपला बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण त्या शिक्क्याला सरहद्द अडवत नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. पारधी समाजाबद्दल लिहिणारे मात्र बहुतेक वेळा दुसरेच राहिले: पोलिसांचे रजिस्टर, सरकारी अहवाल, वर्तमानपत्रातली बातमी. आजही तुमच्यापैकी कुणाला कामावर घेण्याआधी मालक फोनवर तुमचे नाव-आडनाव शोधतो. तिथे तुम्ही स्वतः लिहिलेल्या पाच ओळी सापडल्या, तर त्याचा मोठा उपयोग आहे.

आता साधनाकडे येऊ. बाजारात पुष्कळ आहेत. कोणते चांगले, असे मला सगळे विचारतात. मी उलट विचारतो, तुझ्याकडे काय आहे? तुमच्यातल्या बहुतेकांकडे एक अँड्रॉइड फोन आहे, तोही कधी घरात दोघांत एक. दिवाळीच्या सुमारास घर टोळीबरोबर कारखान्यावर जाते. मग कोपीत, रेंज असेल तेव्हा जे करता येईल तेच तुमचे साधन. पुण्यातल्या मुलाला लॅपटॉपवर जे सोपे, ते तुम्हाला सोपे असेलच असे नाही.

या हिशोबाने पाहा. गूगल साइट्स मोफत आहे, त्यावर जाहिरात येत नाही आणि जीमेलचे खाते असले की काम सुरू होते. शब्द टाका, फोटो टाका, प्रसिद्ध करा. पण फोनवरून त्यात बदल करणे जिकिरीचे आहे, संगणक लागतो. ज्यांचे वर्ष वसतिगृहात जाते आणि जिथे संगणक आहे, त्यांनी हेच घ्यावे. एकदा केलेले पान दोन-तीन महिने न बदलता चालते.

फोनच असेल तर ब्लॉगर पाहा. १९९९ पासूनचे साधन आहे, २००३ मध्ये गूगलने घेतले, त्याचे अॅप आहे आणि तेही मोफत. दिसायला थोडे जुनाट वाटते. पण ज्याला कामाचे फोटो तारखेवार टाकत जायचे आहेत, गवंडीकाम असो की शिवणकाम, त्याला ते बरोबर बसते.

कॅनव्हा तुमच्यातल्या कित्येकांना आधीच येते. वाढदिवसाचे बॅनर त्यावरच करता ना? त्याच अॅपमध्ये एका पानाची वेबसाइट करून मोफत प्रसिद्ध करता येते. हात बसलेला आहे, ही मोठी गोष्ट. फक्त बॅनरसारखे सगळीकडे फुले आणि चकाकी टाकू नका. कमकुवत रेंजमध्ये ते उघडतच नाही आणि पाहणारा परत जातो.

वर्डप्रेसचे नाव ऐकले असेल. चांगले आहे, पण एका नावाखाली दोन गोष्टी आहेत. एक सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते ठेवायला भाड्याची जागा लागते. दुसरी कंपनीची सेवा आहे, जागा ती देते, मात्र मोफत प्रकारात जाहिराती दिसतात. सुरुवातीला या फरकातच डोके गरगरते. विक्स दिसायला देखणे, पण तिथे बांधलेली साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ही दोन्ही पुढच्या वर्षी बघू.

‘पहिले वर्ष मोफत’ अशी जाहिरात दिसली की मुकादमाची उचल आठवा. हातात येते तेव्हा गोड लागते, फिटता फिटत नाही. स्वतःच्या नावाचा पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावा लागतो. पहिल्या वर्षी किंमत कमी आणि दुसऱ्या वर्षी कितीतरी जास्त, असे पुष्कळ ठिकाणी असते. म्हणून घेण्याआधी नूतनीकरणाचा आकडा वाचा. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ असा पत्ताही मिळतो. पण सुरुवातीला कशाचीच गरज नाही. मोफत साधन जो लांबलचक पत्ता देते, तो चालतो.

मोफत साधन एक दिवस बंदही पडते, हेही सांगून ठेवतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले, त्यावरचे फोटो अनेकांचे गेले. गूगलने दुकानदारांना नकाशावरच्या नोंदीबरोबर मोफत वेबसाइट दिली होती, तीही मार्च २०२४ मध्ये बंद केली. म्हणून लिहिलेला मजकूर वहीत आणि फोटो मेमरी कार्डावर असलेच पाहिजेत. पान गेले तर एका दुपारीत दुसरीकडे उभे करता येईल.

किल्लीबद्दल जरा थांबून बोलतो, कारण नुकसान तिथेच होते. माझ्या माहितीतल्या एका बचत गटाची साइट ओळखीच्या माणसाने करून दिली. पत्ता त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे. पुढे तो फोन उचलेना. बायकांच्या पापडांचे फोटो तसेच तिथे, आणि खाली जुना, बंद पडलेला नंबर. कुणी मदत करत असेल तर जरूर घ्या, पण खाते तुमच्या ईमेलवर, तुमच्या नंबरवर, तुमच्या समोर उघडले गेले पाहिजे.

आणि तो नंबर जपा. कारखान्यावर गेलो, नवीन सिम घेतले, जुन्यात रिचार्ज केले नाही, असे आपल्याकडे दर हंगामात होते. बराच काळ न वापरलेला नंबर कंपनी बंद करते आणि पुढे दुसऱ्याला देते. मग तुमचा ओटीपी तिसऱ्याच माणसाकडे! गूगल खात्याच्या सुरक्षेत दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली की दहा बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर उतरवा आणि रेशन कार्ड ठेवता त्या पिशवीत ठेवा. आईला सांगून ठेवा की हा कागद चुलीत घालायचा नाही.

पानावर काय टाकायचे नाही, तेही ऐका. आधार कार्ड नाही, जातीचा दाखला नाही, बँक पासबुक नाही, लहान भावंडांचे फोटो नाहीत. मुलींनी स्वतःचा नंबर आणि वस्तीचा पत्ता अजिबात देऊ नये. त्याऐवजी गूगल फॉर्म जोडा, ज्याला काम आहे तो त्यात निरोप लिहील आणि उत्तर द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवाल.

मराठी लिहिताना फोनचाच कीबोर्ड वापरा. बोलून टाइप केले तरी चालते, फक्त एकदा वाचून घ्या. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून जुन्या फॉन्टमधला मजकूर आणून चिकटवू नका, फोनवर त्याची नुसती कुरतडलेली अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये लिहिलेले सगळीकडे नीट दिसते आणि शोधले की सापडते.

येत्या शनिवारी दुपारी दोन वाजता आपण संगणकाच्या खोलीत बसणार आहोत. येताना तीन गोष्टी आणा: पासवर्ड आठवत असलेले जीमेल खाते, काम करताना कुणीतरी काढलेला एक फोटो, आणि वहीत पाच ओळी. मी कोण, काय शिकलो, काय काम येते, कुठे केले, कसे भेटायचे. इंग्रजी लागत नाही. घरातल्या पारधी बोलीत लिहावेसे वाटले तर देवनागरीत तसेच लिहून आणा, खाली मराठी आपण मिळून लिहू. ज्यांचे घर आधीच कारखान्यावर गेले आहे, त्यांनी वही फोटो काढून पाठवली तरी चालेल.