वऱ्हाड गहाण पडलं ते आमच्या छावणीपायी



गुंतवणूकदार परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं संत नामदेवांच्या जिल्ह्यात मनापासून स्वागत करतो.

मी हळदीचा आडत्या. जमीन-जुमल्यावरचा कर, त्यासाठीचं कर्ज आणि कागदपत्रांची छाननी या विषयांवर बोलायचा मला अधिकार नाही. कार्यवाहांनी तशी समजही दिली आहे. ‘तुम्ही पाच मिनिटं गावाबद्दल बोला,’ असं ते म्हणाले. गावाबद्दल पाच मिनिटांत आटोपणारा हिंगोलीकर मी अजून पाहिलेला नाही.

आमचा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. आपला रेरा कायदा पुरता लागू झाला तो 1 मे 2017 रोजी, म्हणजे वाढदिवस एकच, पण आम्ही अठरा वर्षांनी थोरले. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. नर्सी नामदेव इथून जवळ आहे. उद्या दुपारी गाडीची सोय केली आहे, जरूर जाऊन या. शिरड शहापूरला मल्लिनाथांचं जैन मंदिर आहे. औंढ्याचा नागनाथ हे आम्ही आठवं ज्योतिर्लिंग मानतो. गुजरातची मंडळी ते द्वारकेजवळ असल्याचं सांगतात. इथं वकीलसाहेब बसले आहेत म्हणून बोलतो: तो वाद टायटलचा आहे, कब्जा आणि वहिवाट आमची आहे.

त्याच औंढा तालुक्यात दुधाळा शिवारात ‘लायगो’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या असतील आणि आरसा अणुगर्भापेक्षाही कमी अंतरानं हलला तरी कळेल म्हणे. तिच्या शेजारच्या बांधाची मोजणी करा म्हटलं तर दोन भाऊ आणि भूकरमापक यांचे तीन आकडे येतात, ही गोष्ट निराळी.

आता आमच्या छावणीबद्दल. कार्यवाह घड्याळ दाखवत आहेत, मला दिसतं आहे.

स्टेशनावरून रिक्षानं येताना आपण काही नावं ऐकली असतील. पलटन, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. पलटन म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ, तोफखाना सांगायला नको, आणि पेन्शनपुऱ्यात निवृत्त शिपाई घरं बांधून राहिले. निवृत्तीच्या पैशातून घर बांधलेल्या माणसांची अख्खी वस्ती! गुंतवणूकदारांच्या परिषदेला याहून योग्य गाव कोणतं, असा माझा स्वागत समितीच्या पहिल्या बैठकीतला मुद्दा होता.

ही छावणी हैदराबाद कंटिंजंटची. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज, आणि खर्चाचं बिल निजामाला. दिवाण चंदुलालांच्या काळात फौजेचे पगार भागवायला पामर आणि कंपनी या हैदराबादच्या सावकारी पेढीकडून भरमसाट व्याजानं कर्ज उचललं गेलं. त्या कर्जापायी रेसिडेंट आणि गव्हर्नर जनरल यांच्यातच खटके उडाले आणि शेवटी पेढीही बुडाली. पगार तुंबतच राहिले. मग थकबाकी ईस्ट इंडिया कंपनी सरकारच्या खात्यावर चढली आणि 1853 च्या तहानं निजामाला वऱ्हाड तोडून द्यावं लागलं. फौजेच्या खर्चापोटी प्रांत लावून दिला. मालकी निजामाची, वसुली इंग्रजांची. बँकवाले याला काय म्हणतात ते संध्याकाळच्या सत्रात सांगतीलच, आम्ही गहाण म्हणतो. वऱ्हाड परत मिळावं म्हणून दिवाण सालारजंगांनी पुढं किती खटपट केली! शेवटी 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनसाहेबांनी वर्षाला 25 लाख रुपयांच्या खंडावर तो प्रांत कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतला. लगेच 1903 मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात मिसळली आणि आमची छावणी उठली. ज्या फौजेसाठी तारण दिलं ती फौज गेली, तारण काही परत आलं नाही. अकोला-अमरावतीची पाहुणेमंडळी इथं आहेत. त्यांनी मनावर घेऊ नये, पण आमच्या रिसाल्याच्या घोड्यांचा हरभरा त्यांच्या महसुलातून यायचा.

छावणी गेली तरी कापसाची पेठ राहिली, रामलीला मैदानावरचा दसरा राहिला. तो दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्यावर मी आणखी अर्धा तास बोलू शकतो. बोलत नाही.

पण एका माणसाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. तो म्हणजे कचेरीबाहेर झाडाखाली पेटी मांडून बसणारा अर्जनवीस. निजामी अमदानीत कचेरीची भाषा उर्दू, गावच्या दप्तरात मोडीही, वर साल फसली. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट गेली, पण कागद राहिले. शिकस्ता उर्दूतला सेतवार वाचून ‘बाबा, ही जमीन मदतमाश इनामाची आहे, ही घेऊ नको,’ असं हा माणूस शेतकऱ्याला किरकोळ पैशांत सांगायचा. त्याचा पुतळा नाही, चौकाला नाव नाही. आज तुम्ही ज्याला ड्यू डिलिजन्स म्हणता आणि ज्याचं बिल मुंबईच्या फर्मकडून जीएसटीसह येतं, ते काम त्यानं सतरंजीवर बसून केलं.

आणि ते काम अजून संपलेलं नाही. बँका तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागतात. मराठवाड्यात तीस वर्षं मागं जाऊन भागत नाही. 1954-55 च्या खासरा पत्रकापर्यंत जावं लागतं, कधी त्याच्याही मागं. सातबारा कोरा दिसतो आणि जमीन निघते खिदमतमाश, म्हणजे देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली. नाहीतर हैदराबाद कूळकायद्यातलं संरक्षित कूळ निघतं, भूदानाची निघते, वर्ग 2 निघते. दोन-अडीच वर्षांपूर्वी कुणबी नोंदी शोधताना सगळ्या मराठवाड्यानं हीच दप्तरं उघडली, तेव्हा वाचणारी माणसं किती उरलीत ते दिसलं. जालना-नांदेड महामार्गाच्या बातमीवर इसार देऊन बसलेले काही पाहुणे इथं आहेत असं कळतं. त्यांनी चहाच्या वेळी आमच्या जुन्या वकिलांना जरूर भेटावं.

कराचं एवढंच सांगतो, कारण ते आमच्या गावाला लागू आहे. हिंगोली नगरपालिकेची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत लाखाच्या आत होती. म्हणून हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन विकली तर ती आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ताच नव्हे, नफ्यावर कर नाही. अलीकडची असेल तर कर आहे. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेली असेल तर महागाई निर्देशांक लावून 20 टक्के की न लावता साडेबारा, हा हिशेब करून पाहावा. पुढचं लेखापाल सांगतील. मात्र शेतकरी नसलेल्यानं आमच्याकडं शेतजमीन घ्यायची स्वप्नं पाहू नयेत. आणि वीस हजारांची किंवा त्यावरची रक्कम रोख देऊ नये, घेऊही नये, मग समोरचा कितीही जवळचा असो.

आता क्षमायाचना. हा हंगाम हळदीचा आणि तिथी लग्नाच्या. गावातली लॉजं मोजकी आहेत. त्यामुळं काही प्रतिनिधींची सोय वसतिगृहात आणि काहींची व्यापाऱ्यांच्या घरी करावी लागली. सकाळी गरम पाणी सगळ्यांना एका वेळी मिळालं नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत. मंडपाच्या कमानीवर वधू-वरांची नावं अजून आहेत. मांडववाल्यानं रात्री बारापर्यंत प्रयत्न केला, शिडी पुरली नाही. वीज गेल्यास कृपया जागेवरच बसावं, जनरेटर तीन मिनिटांत सुरू होतो. जेवणात भाकरी, पिठलं आणि ठेचा आहे. ठेचा जपून घ्यावा. हवेतल्या हळदीनं शिंका आल्या तर तो मालाच्या दर्जाचा पुरावा समजावा. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

आभार मानावे तितके थोडे. मोंढ्यातल्या आडत दुकानदारांनी एका बैठकीत निम्मा खर्च उचलला. जिनिंगवाल्यांनी खुर्च्या दिल्या, सराफ्यातून शाली आल्या. प्लॉटिंगवाल्या मंडळींनी भोजनाचा भार घेतला. त्यांची जाहिरात मागच्या भिंतीवर आहे, ती वाचावी आणि नकाशे तपासूनच बुकिंग करावं, असं त्यांनीच सांगायला सांगितलं आहे. एका माउलीनं पाकीट दिलं आणि नाव घ्यायचं नाही म्हणून बजावलं, म्हणून घेत नाही. पाण्याचे जार, सतरंज्या, माईक पुरवणारे, पहाटे स्टेशनावर उभे राहिलेले महाविद्यालयातले विद्यार्थी, स्वयंपाकाच्या ताई, या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

शेवटी एक मागणं. परिषदेचा ठराव करताना शिल्लक राहील त्या निधीतून या जिल्ह्यातल्या चार-सहा मुलामुलींना मोडी आणि शिकस्ता उर्दू वाचायला शिकवायची तजवीज करा. शिकवणारे म्हातारे अजून आहेत. वर्गाला माझ्या आडतीचा वरचा मजला मोकळा आहे, भाडं नको. पहिली देणगी माझी, पावती पुस्तक प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवलं आहे. आपण सर्वांनी त्यात नाव लिहावं.