कर्जत–खोपोली, साडेनऊ मीटर
(दहावीच्या तुकडीच्या पंचविसाव्या वर्षाच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सभागृहाच्या मागच्या भिंतीलगत जी लांबलचक फळी मांडली आहे, तिच्याबद्दल दहा मिनिटं बोल, असं संयोजकांनी मला सांगितलं आहे. सकाळपासून निदान आठ जणांनी विचारलं, "हे खेळणं कुणाच्या मुलाचं रे?" मुलाचं नाही, माझंच आहे. गेली सहा वर्षं रविवारचा वेळ त्यात गेला. शेवटी मला तुमच्याकडे एक मागणंही मागायचं आहे. ते आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे मधेच कुणी जेवणाच्या पंगतीकडे सटकणार नाही.

ती फळी म्हणजे आपली कर्जत–खोपोली लाइन. कर्जत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. आपल्यातले निम्मे जण याच गाडीनं शाळेत यायचे. उरलेले निम्मे खोपोलीतलेच, आणि गाडी उशिरा आली की पहिला तास बुडाला म्हणून आपला हेवा करायचे.

इतिहासाच्या सरांनी आपल्याला सांगितलेलं आठवतंय का बघा. ही लाइन आज फाटा आहे, पण एके काळी मुख्य मार्ग हाच होता. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे गाडी सुरू झाली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली आणि १८५६ मध्ये पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली. पुढे बोरघाट आडवा. १८५८ मध्ये वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला, पण मधला घाट तसाच राहिला. त्यामुळे पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीनं, तट्टावरून किंवा गाडीतून घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचे. १८६३ मध्ये पळसदरीहून थेट घाटातून रूळ गेले आणि खोपोली फाट्याच्या टोकाला राहिली. इतिहासाचा तास संपला, सर. काही चुकलं असेल तर जेवताना कान धरा.

आता ही लाइन घरात बसवायची कशी, हा पहिला प्रश्न. कर्जत ते खोपोली अंतर साधारण १५ किलोमीटर. मी निवडलेलं प्रमाण १:८७, म्हणजे मॉडेलवाल्यांचं एचओ. त्या हिशेबानं लाइन १७२ मीटर लांब होते. डोंबिवलीच्या माझ्या घरात सगळ्या खोल्यांच्या भिंती एकीपुढे एक ठेवल्या तरी एवढी लांबी भरत नाही. बारा डब्यांची लोकल साधारण २५० मीटरची. तीच एकटी २ मीटर ८७ सेंटिमीटर होते. तिला थांबायला फलाट तीन मीटरचा, असे सहा फलाट. म्हणजे जमत नाही.

तेव्हा मॉडेल करायचं म्हणजे आधी काय गाळायचं ते ठरवायचं. मी गाडीपासून सुरुवात केली. लोकल तीन-तीन डब्यांच्या युनिटांची बनलेली असते. बारा डबे म्हणजे चार युनिटं. मी एकच युनिट घेतलं. एक डबा सुमारे २०.७ मीटर लांब, तो मॉडेलमध्ये होतो २३.८ सेंटिमीटर. तीन डबे मिळून पाऊण मीटरच्या आत. मग फलाट ८० सेंटिमीटरचा पुरतो आणि एक स्टेशन १२० सेंटिमीटरच्या एका फळीवर नीट बसतं. हे एकदा ठरलं आणि बाकीचे सगळे हिशेब सुटत गेले. कर्जतला दोन फळ्या, पळसदरीला एक, तिन्ही छोट्या स्टेशनांना एकेक आणि खोपोलीला दोन. एकूण आठ फळ्या, ९ मीटर ६० सेंटिमीटर.

घाट मी बांधला नाही. पळसदरीला मुख्य मार्ग वळतो, चढ घेतो आणि डोंगराच्या चित्रामागे नाहीसा होतो. तिथे पडद्याआड एक रूळ आहे, त्यावर पुण्याची गाडी उभी असते. दिसते कमी, पण ती तिथे आहे हे खेळणाऱ्याला माहीत असतं.

दुसरा प्रश्न होता काळाचा. आपल्या दहावीच्या वर्षातली लाइन करायची की आजची? मला आपल्या वेळची हवी होती. म्हणून आपल्या गटावर विचारलं, की डोलवलीच्या फलाटाशेजारचं मोठं झाड कुठल्या बाजूला होतं. उत्तरं आली अकरा. चार जण म्हणाले डावीकडे, पाच जण उजवीकडे, एक म्हणाला झाडच नव्हतं आणि एकानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. तेव्हा मी आजची लाइन करायचं ठरवलं. आज जे आहे ते जाऊन मोजता येतं.

मोजायचं कसं, तेही सांगतो, कारण रुळांवर उतरून टेप धरणं हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. फलाटावर उभी असलेली लोकल हीच माझी मोजपट्टी. डब्याची लांबी आणि रुंदी ठाऊक असली की एका फोटोवरून छपराची उंची, खांबांमधलं अंतर, जिन्याची रुंदी सगळं काढता येतं. दहावीच्या भूमितीतली समरूप त्रिकोणांची गणितं मी आयुष्यात पहिल्यांदा कामाला लावली. गणिताच्या बाई इथे समोरच बसल्या आहेत. बाई, ती गणितं वाया गेली नाहीत.

आता रुळांबद्दल. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये तो १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी बनवलेला. अचूक हवं तर प्रत्येक रूळ आणि प्रत्येक सांधा हातानं करायचा. त्यात माझी निवृत्ती उजाडली असती. मी तयार रूळ घेतला आणि डबे मात्र पूर्ण रुंदीचे केले, ४२ मिलिमीटर. प्लॅस्टिकच्या पातळ शीटमधून कापले आणि आत विकत घेतलेली मोटर बसवली. बारकाईनं पाहिलं तर रूळ अंमळ अरुंद वाटतात. खडी पसरल्यावर ते फारसं जाणवत नाही.

ज्यांना कधी हे करावंसं वाटेल त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. फळी बारा मिलिमीटरच्या मरीन प्लायची घ्या आणि कडा आणि खालची बाजूसुद्धा रंगवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात साधं प्लाय फुगतं आणि ऑगस्टमध्ये सरळ रूळ लाटेसारखे दिसायला लागतात. रुळांखाली तीन मिलिमीटरचा कॉर्क घाला, नाहीतर फळी ढोलासारखी वाजते. खडी पसरून झाली की पाण्यात पातळ केलेलं फेविकॉल थेंबाथेंबानं सोडा आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, म्हणजे ते खडीवर न थांबता आत झिरपतं. आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर जोडा. दोन रूळ जोडणारी पट्टी रूळ जागेवर धरते, पण वीज पुढे नेण्याचा तिचा भरवसा नाही. खऱ्या लाइनवर २५,००० व्होल्ट आहेत, माझ्याकडे १२. बाराच्या वाटेत धुळीचा एक कण आला तरी गाडी थांबते. ओव्हरहेडचे खांब उभे केले आहेत, तार मात्र नाही. खरी तार रुळापासून सुमारे साडेपाच मीटर उंच असते, म्हणजे माझ्याकडे ६३ मिलिमीटर. हात घालून रूळ पुसताना ती रोज तुटली असती.

खोपोलीच्या मागच्या चित्रात डोंगरावरून उतरणारे टाटांच्या वीजघराचे पाइप आहेत. १९१५ पासून घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी त्या वाटेनं खाली येतं, वीज करतं आणि पाताळगंगेला मिळतं. ते पाइप नसतील तर ती खोपोली वाटतच नाही. कर्जतचा वडा मात्र जमला नाही. सहा सेंटिमीटरचा वडा १:८७ मध्ये पाऊण मिलिमीटरही भरत नाही, मोहरीसुद्धा मोठी पडते.

हे सगळं बांधून झालं, दिवे लागले, गाडी धावली. आणि पन्नास सेकंदांत संपली. ताशी ६० किलोमीटर म्हणजे या प्रमाणात सेकंदाला १९ सेंटिमीटर. साडेनऊ मीटर जायला कितीसा वेळ लागणार? कर्जतहून खोपोली, खोपोलीहून कर्जत. पाचव्या फेरीला माझी मुलगी उठून गेली. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. तिथे एक अख्खं शहर आहे, एकाच वेळी किती तरी गाड्या धावतात, बघताना डोळा ठरत नाही. माझ्याकडे एकेरी लाइन आणि एक लोकल. तिच्यात बघण्यासारखं काय आहे?

त्याचं उत्तर मला वेळापत्रकात मिळालं. फाट्याची गंमत धावण्यात नाही, गाठ पडण्यात आहे. मुंबईची लोकल कर्जतला आली की खोपोलीची गाडी सुटायची असते. एकेरी लाइनवर एक गाडी आत गेली की ती परत येईपर्यंत दुसरी सोडता येत नाही. इथे पाच मिनिटं उशीर झाला तर तिकडे तास जातो. म्हणून मी एक घड्याळ लावलं, सहापट वेगानं चालणारं. त्याचा एक तास म्हणजे आपली दहा मिनिटं. एक लाकडी टोकन केलं. ते ज्याच्या हातात त्याचीच गाडी पळसदरीच्या पुढे जाणार. चार माणसं लागतात. कर्जतला एक, पळसदरीच्या सांध्यावर एक, खोपोलीला एक आणि एक मोटरमन. आता पंचवीस मिनिटांचा प्रवास चार मिनिटांत होतो, गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते आणि चौघेही घड्याळाकडे डोळे लावून असतात. मुलगी परत आली, शेजारची दोन पोरं घेऊन आली.

एका रविवारी आम्ही संध्याकाळच्या गाड्या चालवत होतो. सहज म्हणून मी शाळा सुटायची वेळ त्या घड्याळावर धरली. शाळा सुटते, स्टेशनापर्यंत चालत जायचं, आणि गाडी. दहावीला आपला गणिताचा जादा तास असायचा. तो अर्धा तास पुढे गेला असता तर केळवली, डोलवली, लौजीची पोरं पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर अडकली असती. पावसाळ्यात अंधार पडला असता आणि काहींच्या, विशेषतः मुलींच्या, घरून जादा तास बंदच झाला असता. बाईंनी तो तास शाळा सुटल्यावर नाही, सकाळी प्रार्थनेच्या आधी ठेवला होता. आम्ही तेव्हा झोपमोड झाली म्हणून कुरकुरायचो. स्वतः बाई कुठून, कोणत्या गाडीनं यायच्या, हे आम्ही कुणी विचारलंसुद्धा नाही. काल फोनवर मी विचारलं. बाई कर्जतहून यायच्या, आमच्या आधीच्या गाडीनं. बाई, त्या वर्षी लौजीहून येणाऱ्या तिघीही दहावी पास झाल्या. तिघीही आज इथे आहेत.

आता मागणं. येत्या जूनमध्ये आई कायमची माझ्याकडे राहायला येते आहे. तिला गुडघ्यांनी जिने होत नाहीत, गावच्या घरी आता एकटीनं राहणं शक्य नाही. ही फळी जिथे आहे ती खोली तिची. हे आनंदानं ठरलं आहे, त्यात काही दुःख नाही. पण आठ फळ्या माळ्यावर टाकल्या तर दोन पावसाळ्यांत त्यांचं सरपण होईल.

म्हणून मुख्याध्यापकांशी बोललो. विज्ञानाच्या प्रयोगशाळेशेजारची खोली द्यायला शाळा तयार आहे. माझी अट एकच आहे. हिला काचेच्या कपाटात ठेवू नका. चालवली नाही तर रुळांवर थर चढतो, मोटर अडकते आणि दोन वर्षांत तिचं नुसतं शोभेचं चित्र होतं. नववीच्या मुलांनी महिन्यातून एकदा ती चालवावी, वेळापत्रक स्वतः आखावं, वायर तुटली तर स्वतः जोडावी. प्रमाण, वेग, विजेचा मार्ग, एकेरी लाइनची शिस्त, सगळं यात आहे आणि त्याची परीक्षा नाही.

पण मुलांना सुरुवातीला कुणीतरी शिकवायला हवं. मी डोंबिवलीहून महिन्यातून एक शनिवार येऊ शकतो. एका माणसावर उभं राहिलेलं काम त्याच्या आजारपणात बंद पडतं. मला आणखी तिघं हवी आहेत, चार जागा सांभाळायला चार जण. सोल्डरिंग येत नसलं तरी चालेल, ते मी शिकवीन. आपल्यातला जो खरोखर मोटरमन आहे त्यानं कालच होकार दिला, वर म्हणाला, "तुझी गाडी फलाटाच्या पुढे थांबते, आधी ते सुधारू." म्हणजे उरली दोन.

जेवणानंतर तीन वाजता दुपारची फेरी आहे. केळवली, डोलवली आणि लौजीकर, आपापल्या फळीशी या आणि काय राहिलंय ते दाखवा. डोलवलीच्या झाडाची जागा मी मोकळी ठेवली आहे. झाड तयार आहे, खिशात आहे. कुठल्या बाजूला लावायचं ते एकमतानं सांगा.

टोकन टेबलावर ठेवतो. ज्या दोघांना यायचं आहे त्यांनी ते उचलावं.