अंदाज खोडू नका

(हीरक महोत्सवी पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



या शाळेतून बाहेर पडल्यावर माझा संसार चेन्नईत झाला आणि तेथेच मी लहान मुलांना गणित शिकवीत आले. शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीला वंदन करावयास मी आज आले आहे. परंतु केवळ गौरवाचे शब्द बोलून परत जावे, असे मला वाटत नाही. पालक मला जो प्रश्न सातत्याने विचारतात, तोच आपल्यापुढे ठेवते. "बाई, मुलाला नेमके उत्तर काढता येते, मग हे 'अंदाजे' उत्तर कशाला शिकवता?"

प्रश्न रास्त आहे. ज्या परीक्षांवर मुलांचे पुढचे शिक्षण ठरते, तेथे एकेका गुणाला किंमत असते. अशा वेळी पालकांना अंदाज म्हणजे ढिलाई वाटली, तर त्यात नवल नाही. म्हणून वर्गात प्रत्यक्षात काय घडते, ते आधी सांगते.

बरणीत चिंचोके भरून दुसरीच्या मुलांना विचारावे, "किती असतील?" कोणी शंभर म्हणते, कोणी हजार. ही झाली अटकळ. मग एक वाटी भरून मोजावी. वाटीत चाळीस चिंचोके मावले आणि बरणीत अशा सहा वाट्या बसतील असे नजरेला दिसले, की मूल म्हणते, "दोनशे चाळीसच्या आसपास." हा झाला अंदाज. अटकळीला कारण सांगता येत नाही. अंदाजाला सांगता येते. शेवटी सगळे चिंचोके मोजले, ते 263 भरले. नेमक्या याच क्षणी बरीच मुले खोडरबर हाती घेतात आणि 240 पुसून तेथे 263 लिहितात.

ही लाज मूल जन्मतः घेऊन येत नाही. वही उघडली की घरची माणसे प्रथम तांबडी खूण शोधतात, हे ते पाहत असते. खोडलेल्या अंदाजाबरोबर तेवीसचा फरकही पुसला जातो, आणि शिकण्यासारखे जे असते ते त्या फरकातच असते. वाटीत चिंचोके सैल पडले होते काय? बरणी पोटाशी अधिक रुंद होती काय? हे प्रश्न मग कोणी विचारीतच नाही.

वास्तविक मराठी भाषेला अंदाजाचे वावडे नाही. पंचवीसेक पाने, दहा-बारा माणसे, शे-दीडशे रुपये, मूठभर, ओंजळभर, अदमासे, सुमारे हे शब्द मूल घरूनच घेऊन येते. महाराष्ट्राच्या महसुली कारभारात तर अंदाजाची रीतसर व्यवस्था आहे. पिकांची पैसेवारी आधी नजरअंदाजाने ठरते, पुढे ती सुधारली जाते आणि कापणीच्या प्रयोगांनंतर अंतिम होते. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर, यावर टंचाईच्या सवलती बरीच वर्षे अवलंबून होत्या. पहिला अंदाज आणि अंतिम आकडा यांत अंतर पडले, म्हणून पहिला कागद कोणी फाडून टाकीत नाही. शेतकऱ्याच्या जीवनमरणाच्या प्रश्नात जी रीत आपण मान्य करतो, ती दुसरीच्या वहीत आपल्याला का खुपावी?

आता दोन शहरांची गोष्ट. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. तीन वर्षांनी, जुलै 2019 मध्ये, तलाव आटलेल्या आमच्या चेन्नईत जोलारपेटहून अशीच रेल्वे आली. पन्नास वाघिणी, सुमारे पंचवीस लाख लिटर. चेन्नईला पाचपट पाणी मिळाले, असे कोणालाही वाटेल. पण मुलांना म्हणावे, आता वाटणी करा. लातूरची वस्ती चार लाख धरली, तर पहिल्या खेपेचे माणशी सव्वा लिटर, म्हणजे एक तांब्या. चेन्नईची वस्ती पंचाहत्तर लाख धरली, तर माणशी लिटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे जेमतेम फुलपात्रभर. ही आकडेमोड पाचवीचे मूल तोंडी करते. रेल्वे व्यर्थ होती, असा याचा अर्थ नव्हे. तिने काही घरांची तहान भागेल, शहर चालणार नाही. शहराला आपले तळे-विहिरी राखाव्याच लागतील, एवढे मात्र त्या मुलाला कोणी न सांगता कळते. लाख आणि कोटी वर्तमानपत्रात सारखेच भव्य दिसतात. त्यांना तांब्याच्या आणि फुलपात्राच्या मापाला आणणारी बुद्धी, ती अंदाजाची बुद्धी.

अंदाज हे दुय्यम गणित आहे, हा समजही खरा नाही. मद्रास बंदराच्या कचेरीत कारकुनी केलेल्या श्रीनिवास रामानुजन यांनी हार्डी यांच्यासह 1918 मध्ये एक सूत्र प्रसिद्ध केले. एखादी संख्या बेरजेच्या रूपाने किती प्रकारांनी मांडता येते, हे त्या सूत्राने अदमासे कळते. 4 ही संख्या पाच प्रकारांनी मांडता येते. 200 साठी तेरा अंकी उत्तर येते. मॅकमहन यांनी ते स्वतंत्रपणे हाताने मोजून काढले होते. सुधारत नेलेला अंदाज त्या मोजणीशी ताडून पाहिला, तेव्हा दोन्ही जुळले. अंदाज आणि नेमकेपणा ही सावत्र भावंडे नव्हेत; ती एकमेकांची पडताळणी करतात.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी गणिताच्या अध्यापनाचा विचार करणाऱ्या गटाचे अध्यक्ष चेन्नईच्याच गणितीय विज्ञान संस्थेचे प्रा. आर. रामानुजम होते. त्या गटाने गणिताच्या भीतीची दखल घेतली आणि मुलाच्या विचाराला गणिती वळण लावणे हे मुख्य उद्दिष्ट मानले. गणितात आत्मसात करावयाच्या रीतींमध्ये अंदाज व आसन्नता यांनाही स्थान दिले. म्हणजे हा एखाद्या हौशी शिक्षकाचा छंद नव्हे.

पालकहो, आपण मुलाला मराठी शाळेत घातलेत, तेव्हा "पुढे कसे होणार?" असे आपल्यालाही अनेकांनी विचारले असेल. त्या वेळी आपल्या हाती नेमके उत्तर नव्हते. मुलाचा स्वभाव, घरची भाषा, शाळेतील माणसे हे सारे जोखून आपण निर्णय केलात. तो सकारण अंदाजच होता. तीच मोकळीक आता मुलाला द्या.

आपल्याकडे माझे मागणे लहान आहे. गृहपाठाच्या वहीत उत्तराआधी अंदाजाचा एक रकाना असू द्या. बाजारात पिशवी भरल्यावर, पैसे देण्यापूर्वी, "किती झाले असतील?" असे मुलाला विचारा. उत्तर चुकले, तर "चुकलास" म्हणण्याऐवजी "कशावरून म्हणालास?" असे विचारा. आणि शिक्षकांना माझी विनंती, की त्या रकान्यात तांबडी शाई वापरू नये. नेमके उत्तर पुढे यंत्रही देईल. ते उत्तर पटण्याजोगे आहे की नाही, हे मात्र आपल्या मुलालाच ठरवावे लागेल.