मालात खोट, तर भावात तूट
(पाचोरा येथील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी कापसावर बोलणार नाही, ज्वारीवरही नाही. विटा, सिमेंट आणि लोखंड यांवर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, शेतीची पदवी घेतलेल्या माणसाला हे कशाला पाहिजे? पण शेवटी हाही प्रश्न भावाचाच आहे, म्हणून बोलतो.

कापूस विकायला आपण गाडी भरून नेतो तेव्हा काय होतं? सीसीआयच्या केंद्रावर मीटर लावतात. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव. 8 ते 12 च्या मध्ये असला तर त्या प्रमाणात कपात. 12 च्या वर गेला तर गाडी परत. व्यापाऱ्याकडे तर मीटरही लागत नाही. तो मूठभर कापूस दाबून बघतो आणि भाव पाडतो. 1972 साली एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हापासून ग्रेडरच्या बोटांकडे डोळे लावून आपल्या बापजाद्यांनी रात्री काढल्या आहेत. म्हणजे खोट्या मालाला कमी भाव, हा नियम आपल्याला कुणी शिकवायला नको. तो नियम आपल्याच पाठीवर शिकवला गेला आहे.

आता उलटं बघा. तोच कापूस विकून आपण घर बांधायला काढतो. ट्रॉलीत विटा येतात, त्यात पिवळ्या कच्च्या विटा निघतात. सिमेंटच्या गोणीत खडे निघतात. आपण काय करतो? "जाऊ द्या" म्हणतो आणि पूर्ण पैसे मोजतो. विकताना आपला भाव कापला जातो आणि घेताना आपण दुसऱ्याचा कापत नाही. दोन्ही वेळा तोटा आपलाच.

ही सवय लागली कशी? एक काळ होता, सिमेंट परमिटवर मिळायचं. तहसीलला खेटे घालायचे आणि दहा गोण्या हातात पडल्या की देव पावला म्हणायचं. गोणीत काय आहे हे विचारायची सोय नव्हती. 1982 साली ते नियंत्रण अंशतः उठलं, 1989 साली पूर्ण उठलं. आज दुकानात गोण्यांची थप्पी लागलेली असते आणि दुकानदार गिऱ्हाइकाची वाट बघतो. परमिट गेलं, पण आपली परमिटच्या रांगेतली मान अजून खालीच आहे.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. धाकट्या भावानं गावी दोन खोल्या बांधायला काढल्या. विटांची पहिली खेप चांगली निघाली, म्हणून दुसरी न बघताच उतरवून घेतली आणि चलनावर सही केली. 4,000 विटा, 7 रुपयांची एक, म्हणजे 28,000 रुपये. सिमेंटच्या 30 गोण्याही त्याच दुकानातून आल्या. तिसऱ्या दिवशी गवंड्यानं हाक मारली. विटा हातात घेताच भुगा होत होत्या. सिमेंटमध्ये सुपारीएवढे खडे होते.

वडील म्हणाले, "जाऊ दे. वीस वर्षांचं दुकान आहे. अडीनडीला उधार देतो." खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. पेरणीच्या वेळी ज्याच्या दारात उभं राहायचं, त्याच्याशी वाकडं घ्यायची भीती शिकलेल्यालाही असते. पण हिशेब मांडल्यावर कळलं, की अशी उधारी व्याजापेक्षा महाग पडते.

आधी काम थांबवलं. ढिगाच्या पाच ठिकाणांहून वीस-वीस विटा काढल्या, गवंडी आणि शेजारी यांच्यासमोर. शंभरात 11 कच्च्या निघाल्या, 7 तुटलेल्या. म्हणजे 4,000 मध्ये अंदाजे 440 कच्च्या आणि 280 तुटलेल्या. कच्ची वीट कामाचीच नाही, तिचे पूर्ण 7 रुपये धरले. तुटलेली जमिनीच्या भरावात जाते, तिचे निम्मे धरले. 3,080 आणि 980 मिळून 4,060 रुपये झाले. हा कागद लिहूनच दुकानात गेलो. गेलो ते भर दुपारी, चार गिऱ्हाइकं बसलेली नसताना. दुकानदाराला चारचौघांत खाली पाहायला लावलं, की तो पैशासाठी नाही, अब्रूसाठी भांडतो.

तो म्हणाला, "भट्टीवाल्यानं मला दिलं तेच मी तुम्हाला दिलं." मी म्हटलं, "मग हाच कागद घेऊन तुम्ही भट्टीवर जा. मोजणी आयती तयार आहे." तो 1,500 वर आला. आमचे 15,000 आधी दिलेले होते, 13,000 द्यायचे बाकी होते. भावांनो, आपली सगळी ताकद त्या बाकीत होती. शेवटी 3,500 वर तुटलं आणि कच्च्या विटा त्यानं उचलून न्यायच्या ठरल्या. कपात बिलावर लिहून घेतली आणि 9,500 मोजून दिले. संबंध काही तुटला नाही. पुढची खेप त्यानं स्वतः समोर उभं राहून उतरवली.

सिमेंटचं मात्र वेगळं झालं. गोणीमागे 60 रुपये सूट देतो म्हणाला. 1,800 रुपये! मी हो म्हणणारच होतो. गवंडी म्हणाला, "भाऊ, सूट तुम्ही खिशात घालाल, स्लॅब पोरांच्या डोक्यावर राहील." मी गप्प बसलो. मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस. उगवणशक्ती गेलेलं बियाणं निम्म्या भावात घेऊ नका म्हणून गावोगाव सांगतो, आणि इथं मेलेलं सिमेंट सवलतीत घ्यायला निघालो होतो! 26 गोण्या बदलून घेतल्या. उरलेल्या चार एका कॉलमच्या पायात गेल्या होत्या. इंजिनीयरच्या सल्ल्यानं तो फोडून पुन्हा भरला. तो खर्च आम्ही सोसला, कारण न बघता गोण्या फोडणारे आम्हीच होतो.

म्हणून हे पक्कं ध्यानात ठेवा. कापसाच्या मीटरसारखेच इथंही तीन भाग करायचे. चांगल्या मालाला पूर्ण भाव. ज्यानं फक्त कामाची किंमत कमी होते, म्हणजे टवका उडालेल्या विटा, रंग न जुळणाऱ्या फरश्या, त्याला कपात. आणि ज्यावर छत उभं राहतं, ते सिमेंट आणि सळई, तिथं खोट निघाली तर कपात नाही, माल परत. तिथं सूट घेणं म्हणजे 12 टक्क्यांच्या वरचा कापूस घरात भरून ठेवणं.

तपासणी अवघड नाही. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज आला पाहिजे. कोरडी वीट वजन करून 24 तास पाण्यात ठेवा. साध्या विटेचं वजन पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वाढता कामा नये. 3 किलोची वीट 3 किलो 600 ग्रॅमच्या वर जाऊ नये. सिमेंटच्या गोणीवर कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली भरली ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर तपासल्याशिवाय वापरू नका. बोटानं फुटणारी गाठ थप्पीच्या दाबानं होते, तिची चिंता नको. न फुटणारा खडा म्हणजे सिमेंट मेलेलं. 12 मिलिमीटरची 12 मीटर सळई सुमारे 10 किलो 650 ग्रॅम भरते. मानकात थोडी सूट आहे, पण दहाच्या खाली गेली तर ती 12 ची सळई नव्हे.

कायदा काय म्हणतो? 1930 चा मालविक्रीचा कायदा आहे. त्याचं कलम 41 माल तपासायची वाजवी संधी देतं. कलम 42 सांगतं, की वाजवी मुदतीत न कळवता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं धरतात. पण स्वीकारल्यावरही कलम 59 प्रमाणे खोटीपुरती किंमत कमी मागता येते. म्हणून चलनावर सही करताना "तपासणी बाकी" एवढे दोन शब्द लिहा आणि खोट दिसली की त्याच दिवशी लेखी कळवा. पक्कं बिल घ्या. एक रिकामी गोणी आणि थोडा नमुना जपून ठेवा.

एवढं करून दुकानदार ऐकत नसेल तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत, जळगावच्या जिल्हा आयोगाकडे. माल 5 लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही. 1915 या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात होते. शेतकरी ग्राहक कसला, असं कुणी म्हणालं तर 16 जानेवारी 2012 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगा. राष्ट्रीय बियाणे महामंडळानं हाच मुद्दा काढला होता. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, असं न्यायालयानं सांगितलं. मग घरासाठी सिमेंट घेणारा तर आहेच आहे.

पण आयोगाची पायरी शेवटची. पहिली पायरी आपल्या अंगणात आहे. माल उतरण्याआधी दहा मिनिटं उभं राहायचं, बघायचं, मोजायचं, आणि तपासणी होईपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवायचा. गावात कुणाचं घर चालू असेल तर त्या दिवशी दोघं-तिघं जाऊन उभे राहा. एकट्याला दुकानदार "जाऊ द्या" म्हणायला लावतो, तिघांना नाही.

आपल्या कापसाला जो न्याय लावतात, तोच न्याय आपण घेतलेल्या मालाला लावायचा. त्याहून जास्त नको, पण कमीही नको. एवढं इथून ठरवून जाऊ या.